कोरी ओळ

आमच्या गल्लीत दिवाळी यायची ती पावमास्तरांच्या पाटीवर. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी भट्टीच्या दाराशी एक काळी पाटी टांगली जायची. कुठल्याशा शाळेतली जुनी, एक कोपरा फुटलेली. तिच्यावर दिवाळीआधीचे अकरा दिवस मांडलेले, रोजच्या सहा ओळी, प्रत्येक ओळीत वेळ, घराचं नाव आणि नंबर. मास्तरांचं लिहिणं असं की रेल्वेचं टाईमटेबल वाटावं. आणि इतकं सगळं मांडून झाल्यावर रोजची सातवी ओळ ते कोरी सोडत. कुणी कितीही गळ घातली तरी त्या ओळीत आधी नाव लिहीत नसत.

तुमच्याही गावात अशी एखादी भट्टी असेल. घरून रवा, मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप डब्यात घालून न्यायचं, नंबर लावायचा आणि नंबराच्या दिवशी संध्याकाळी तोच डबा नानकटाईनं भरून घरी आणायचा. भट्टीत एका वेळी जेवढे पत्रे मावत तो एक घाणा. सहा घाणे नंबरवाल्यांचे. सातवा, मास्तर म्हणत, त्याचा. म्हणजे देवाचा. ऐनवेळी कुणाचा लेक रजा काढून येतो, कुणाच्या घरी पाहुणे टपकतात, एखादी बाई नंबर लावायचं विसरून रडकुंडीला येते. ती सगळी सातव्या घाण्यात. कुणीच आलं नाही तर मास्तर स्वतःचे टोस्ट भाजत आणि सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर वाटून येत. "मास्तर, आज देवाचा पत्रा हलका दिसायलाय," अशी कुणी थट्टा केली की हसून म्हणत, "हलका न्हाई हो. वाट बघायलाय."

त्यांचं नाव शांतवन. पण ते नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. आमचं गाव कोणतं ते इथं लिहीत नाही. त्या गल्लीत माझी माणसं अजून राहतात. जिंतूर-सेलूकडचं बाजाराचं गाव एवढं पुरे. मी तिथं सून म्हणून आले तेव्हा वीस वर्षांची होते. आम्ही लिंगायत वाणी, घराला लागून किराणा दुकान. त्याच्या पलीकडं मास्तरांची भट्टी. मधली भिंत सामाईक होती. हिवाळ्यात सकाळी मी त्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पलीकडून ऊब यायची आणि मास्तरांची प्रार्थना ऐकू यायची, अर्ध्या प्रार्थनेत ते बायकोला ओरडून विचारत, "मीठ टाकलं का ओ?"

मी त्यांना एकदा हसून विचारलं होतं, देवाशी बोलताना मध्येच मीठ कसं आठवतं? म्हणाले, "वैनी, प्रार्थनेनं मैदा मळला जात न्हाई. आन नुसतं मळून प्रार्थना होत न्हाई. दोन्ही येगयेगळं करावं लागतंय. पण वेळ एकच हाय, मग काय करावं माणसानं?" आमच्या सासऱ्यांशी त्यांचं बरं जमायचं. काम हीच पूजा, हे आमच्यातलं वचन मास्तरांना फार आवडे. सासरे ओट्यावर बसून ते वचन सांगत आणि मास्तर पिठाचे हात जोडून ऐकत.

रविवारी भट्टी बंद. देवगाव फाट्याचे हॉटेलवाले चिडायचे. "मास्तर, तुमच्या देवाला आमच्या फाट्याची गर्दी म्हाईत न्हाई काय? रविवारीच पाव लागतोय." मास्तर शनिवारी दुप्पट पाव टोपल्यांत भरून एस.टी.वर चढवत, वर ओलं फडकं. "देवानं सुट्टी सांगितली, उपाशी ठिवा मनला न्हाई," हे त्यांचं उत्तर. श्रद्धा पाळायची तर आदल्या दिवशी दुप्पट राबावं लागतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. माझ्या सासूबाईंना, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, अंड्याची फार धास्ती. मास्तरांनी दिवाळीचे पत्रे वेगळेच ठेवलेले. त्यांना वर्षभर अंडं लागत नसे. ते पत्रे आत्याबाईंनी आत जाऊन स्वतः बघितले, तेव्हा कुठं आमचा डबा गेला. आणि आमचा गेला म्हणून गल्लीचे गेले. एक नंबर कायम आमच्या घराचा.

माझं अक्षर बरं. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी सासऱ्यांना विचारून मला नंबराच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. दुपारी दोन तास, भट्टीच्या ओट्यावर, डोक्यावर पदर घेऊन. सासरी मला किंमत होती ती तेवढे दोन तास.

तिथं बसून मला एक गोष्ट दिसली. दहाव्या दिवसाखाली मास्तरांनी खडूची एक जाड रेघ मारलेली असे. रेघेखाली अकरावा दिवस, आणि त्यातली सगळी नावं नाल्यापलीकडच्या वस्तीतली. मी विचारलं तर मास्तर पाटीकडं पाठ करून म्हणाले, "धंद्यात बेत करावा लागतोय, वैनी. देव मन बघतोय, गिऱ्हाईक पत्रा बघतंय." मला ते शहाणपणाचं वाटलं. ते दिवसच तसे होते. मी लग्न होऊन यायच्या आधी विद्यापीठाच्या नावावरून आमच्या भागात घरं जळाली होती. गावात त्याबद्दल उघड कुणी बोलत नसे. नव्या माणसाला विचारायचा प्रश्न तेवढा बदलला होता. पूर्वी विचारत, कुठले? आता विचारत, कुणातले? मास्तरांना विचारलं तर ते म्हणत, "मिशनच्या बोर्डिंगातला." लोकांनी आपापल्या मनानं ठरवून टाकलं की नगरकडचे असतील. मास्तर खोटं बोलले नाहीत. पुढचं मात्र बोलले नाहीत.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी इतकी वर्षं गेली.

त्या वर्षी पाटी लागून तीन दिवस झाले होते. डबे येऊन पडले होते, आमचा सगळ्यांत आधी. मी ओट्यावर चिठ्ठ्या लिहीत होते. समोरून एक म्हातारी आली, काठी टेकत, आखूड नेसलेलं लुगडं, हातात फडक्याचं गाठोडं. मास्तर आतून हात पुसत बाहेर आले आणि जागीच थांबले. म्हातारीनं गाठोडं पुढं केलं. "चार अंडी हायती बाबा. तुज्या धंद्याला लागत आसतील."

मास्तर म्हणाले, "आत ये." फक्त तेवढंच. माय म्हणाले नाहीत.

पण मला ते ऐकायची गरज नव्हती. माझं माहेर ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या एका खेड्यातलं. ही आमच्या गावच्या वेशीबाहेरच्या वाड्यातली गोदामाय. तिचा एक मुलगा लहानपणीच मिशनवाल्यांबरोबर गेला, हे मी आईच्या तोंडून ऐकलं होतं. मी खाली बघून लिहायला लागले. तेवढ्यात ती वळली.

"आगं, आप्पाची धाकटी नव्हं का तू?"

मी मान वर केली नाही.

"वळखलं न्हाईस? गोदामाय म्या. तुजी नाळ ह्याच हातानं कापली की गं. पायाळू हुतीस. मायला दोन रोज लावलेस."

"न्हाई," मी म्हणाले. "मी न्हाई वळखलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मास्तरांकडं. मग परत माझ्याकडं. "न्हाई? मंग मपलंच चुकलं आसंल. डोळे गेले बाई. सगळ्या लेकी एकासारक्या दिसत्यात." आणि काठी टेकत आत गेली. मास्तर तिच्या मागं गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला तेव्हा कळली नाही.

इथवरचं पाप भित्रेपणाचं. पुढचं तसं नाही.

त्या दिवशी सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं होतं. घरी आले तेव्हा आत्याबाई आणि शेजारच्या तिघी स्वैपाकघरात रवा निवडत बसल्या होत्या, आणि दुधाचा विषय अजून संपला नव्हता. "ताडकळसच्या बाजारात समदं मिळतंय, ध्यान तेवढं मिळत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. तिघी हसल्या. मी उभीच. मग एकीनं सहज विचारलं, "आज मास्तराकडं म्हातारी कोण आली ओ, गाठोडं घिऊन?"

मी म्हणाले, "मला म्हाईत हाय."

चौघींचे हात रव्यात थांबले. आत्याबाईंनी स्वतःच्या बाजूचा पाट पायानं माझ्याकडं सरकवला. "बस. नीट सांग."

त्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. मला बस म्हणालेलं ते पहिल्यांदा. मी बसले आणि नीट सांगितलं. कोणत्या गावची, गावाच्या कोणत्या बाजूची, मास्तर तिचे कोण. मला कुणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. सांगताना मला बरं वाटत होतं, हे आज लिहिते.

मला वाटलं होतं, चार दिवस कुजबूज होईल. दिवे लागायच्या आत डबे परत जायला लागले. मी दारातून बघत होते. पहिली म्हणाली, आमच्याकडं सुतक आलं. दुसरीकडंही सुतक. तिसरीचं, आवंदा करायचंच न्हाई. मास्तर प्रत्येकीला डबा काढून देत होते आणि पाटीवरचं नाव पुसत होते. चौथ्या सुतकाला ते चक्रावून म्हणाले, "आहो, एका दिवसात गल्लीत इतकी माणसं कशी गेली?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग एक बाई तांब्या घेऊन आली. तिनं त्यांच्या देखत डब्यावर पाणी शिंपडलं आणि मग डबा उचलला.

मास्तरांच्या हातात खडू होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही, पुसायलाही हात उचलला नाही. तोंड अर्धवट उघडं ठेवून ते नुसते त्या ओल्या जमिनीकडं बघत राहिले. मी माणसाला रडताना बघितलंय, संतापताना बघितलंय. असा उभा माणूस पुन्हा बघितला नाही. आमचे सासरे दुकानात होते. त्यांना दिसत होतं. ते त्या दिवशी वचन बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई देवपूजेला बसल्या तशी मी भट्टीकडं गेले. कबूल करायला गेले होते का? मला तसं म्हणायला आवडेल. मास्तर पाटी पुसत होते. खडूची ती जाड रेघ आधी पुसली, मग दिवस. नाल्यापलीकडच्या वस्तीतले सहा डबे राहिले होते. ते त्यांनी आमच्या एक नंबराखाली पहिल्या दोन दिवसांत ओळीनं लिहिले. बाकी नऊ दिवस कोरे.

"बगा वैनी," ते म्हणाले, "आता समद्याच ओळी त्याच्या झाल्या."

मी विचारलं, "कुणी सांगितलं असेल, मास्तर?"

होय, मी विचारलं. माझ्याच तोंडानं.

"कुणी कशाला सांगावं? माय माझ्यासारखीच दिसती." ते ओट्यावर बसले. "मी मायला दोन वर्सं येऊ दिलं न्हाई. मनलं, भट्टी जमू दे. दिवाळी होऊ दे. नाताळ होऊ दे. बेतावर बेत. त्यात देवासाठी सातवी ओळ सोडली, पण मायसाठी एक सोडली न्हाई. वस्तीतल्या लोकांना तर रेघेखाली मीच घातलं, मपल्याच हातानं. ते मपलेच लोक होते ना? देवानं बेत बघितला आन पाटी पुसली. त्याचा काय दोष?"

त्यांना दोष कुणाला द्यायचा तेच कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तो स्वतःवर घेतला होता. समोर मी उभी होते. माझ्या एका वाक्यानं त्यांच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलं असतं. देवानं काही केलं नाही, मास्तर, मी केलं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "जाते, चुलीवर आंधण ठेवलंय."

आमचा डबा तिथंच होता. आत्याबाई म्हणाल्या, राहू दे तिथंच, आणायचा न्हाई. पण पहिला नंबर आमचा होता. पहिल्या दिवशी, पाटीवर लिहिलेल्या वेळेला, मास्तर स्वतः डबा घेऊन आमच्या दारात आले. ओट्याच्या खालीच उभे राहिले. "वैनी, एक नंबर. नंबर लिहून दिला की मोडता येत न्हाई." मी डबा घेतला. झाकण गरम होतं. आत्याबाईंनी सगळी नानकटाई मला म्हशीपुढं ओतायला लावली. म्हशीनं चाटून पुसून खाल्ली. एक मी पदरात लपवली होती. ती खायचं धाडस झालं नाही. पदरातच तिचा चुरा झाला.

दिवाळीनंतर हॉटेलवाल्यांनीही पाव बंद केला. नाताळाच्या आधी मास्तरांनी भट्टी सोडली. बायको, म्हातारी, पत्रे आणि ती पाटी एका बैलगाडीत मावली. कुठं गेले, कुणी विचारलं नाही. त्या हिवाळ्यात भिंत गार होती. आत्याबाई एकदा म्हणाल्या, "कामून ओ, आवंदा थंडी लय हाय." मी पाटावर बसले होते. आता मला रोज पाट मिळत होता.

मधे आठ-नऊ वर्षं गेली. विद्यापीठाच्या नावाचं अखेर ठरलं त्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. तिथं कळलं की गोदामाय वारली, चुडाव्याला, लेकाकडं. मी नांदेडला मावशीकडं जाते असं सांगून सकाळची पॅसेंजर धरली आणि चुडाव्याला उतरले. या वेळी खरंच सांगायला गेले होते. गाडीत वाक्य पाठ करत होते, शाळेतल्या पोरीसारखं.

स्टेशनाजवळ पत्र्याची शेड. दाराशी तीच पाटी, तोच फुटका कोपरा. मास्तरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. "वैनी! या, या. आहो, बगा कोण आलंय," असं आत बायकोला ओरडून सांगितलं. मी पाटीकडं बघत होते. रेघ नव्हती. आणि कोरी ओळ खाली नव्हती, सगळ्यांत वर होती.

"वर घेतली," ते म्हणाले. "तिकडं असताना मी आधी मपला बेत करायचो आन उरलं ते देवाला. शिळं दिल्यावानी. आता पहिला घाणा त्याचा. मागचे सहा बेतानं. पहिल्यांदा लय भ्या वाटलं. सकाळच्या गाडीचं गिऱ्हाईक बुडंल मनून. पण रोज कुणीतरी येतंय."

मी म्हणाले, "मास्तर, मला एक सांगायचं होतं."

"आधी माझं ऐका. मायनं सांगून ठेवलंय, आन तुमी कवा भेटताल म्हाईत नव्हतं." त्यांनी हात पुसले. "त्या दिवशी तिनं भोळेपणानं तुमाला वळख दिली. तुमी न्हाई मनलाव. मी तवाच समजलो, वैनी. तुमी मपल्यासाठी न्हाई मनलाव. मपलं झाकायसाठी. मायपण मनायची, आप्पाची पोर शाणी हाय, माझं तोंड बघून लगीच समजली. मरायच्या आदल्या दिवशी सुदीक तुमचं नाव काढली. गल्लीत समद्यांनी पाठ फिरवली. एका माणसानं आमची लाज राखली. मी दर रविवारी तुमच्या नावानं प्रार्थना करतो. एकपण रविवार चुकला न्हाई."

गाडीत पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं. कानात नुसता आवाज होत होता, गाडी पुलावरून जाताना होतो तसा. त्यांची बायको पाणी घेऊन आली, तिच्या पदराला धरून त्यांची लहान मुलगी. पाणी हातात धरून मी उभी राहिले. आठ-नऊ वर्षांचे रविवार मी मनात मोजायला लागले आणि सोडून दिले.

मास्तरांनी खडू उचलला आणि पाटीवर सगळ्यांत वरच्या कोऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं. "आजचा पहिला घाणा तुमचा. बगा, रोज कुणीतरी येतंय मनलो का न्हाई?"

पाव गरम होते. कागदात बांधून दिले, पैसे घेतले नाहीत. गाडी सुटली तेव्हा ते शेडच्या दारात उभे होते आणि त्यांच्या मागं पाटीवर माझं नाव दिसत होतं, दूरवर, जाड आणि पांढरं.

मास्तर आता नाहीत. त्यांच्या मुलीनं मागच्या साली कळवलं. आत्याबाई गेल्या, सासरे गेले. माझी पन्नाशी उलटली. माझ्या सुनेला मी सकाळी पहिल्यांदा बस म्हणते, मग दुसरं काही. त्यानं काही फिटत नाही, हे मला माहीत आहे. मी लिहिते ते फिटावं म्हणून नाही. ज्या माणसानं दर रविवारी माझं नाव घेतलं, त्याला मरेपर्यंत वाटत राहिलं की त्याची भट्टी देवानं विझवली, आणि मी त्याला वाटू दिलं.

मास्तर, मी वळखलं होतं. तुमच्या मायनं तोंड उघडायच्या आधी, काठी टेकत रस्ता ओलांडत होती तेव्हाच वळखलं होतं.